करंट चालू, हात लांब

२ तारीख, सोमवार

मोटरींच्या तारा गुंडाळायचं, वायंडिंगचं दुकान बंद करून तीन वर्षं झाली, तरी जॉबची दोन कोरी रजिस्टरं माळ्यावर पडून होती. त्यातलं एक आज खाली काढलं. चाळीस वर्षं दर मोटरमागे तीन रकाने भरले: मोटर, दोष, उपाय. आता मनातलं लिहायचं तर ते कुठल्या रकान्यात घालायचं, देव जाणे.

सूनबाईंची बदली झाली. जेवताना सांगितलं त्यांनी, मान खाली घालून. २८ तारखेला निघायचं, मुंगीला घेऊन. रेल्वेने दीड दिवसाचा प्रवास आहे. मुंगी म्हणजे माझी नात, वय वर्षं नऊ. दीड वर्षापूर्वी माझा मुलगा गेला, अडतिसाव्या वर्षी, चार दिवसांच्या तापाने. तेव्हापासून या दोघी आमच्याकडेच आहेत. मी "बरं" म्हणालो आणि पाणी प्यालो. दुसरं काय म्हणणार?

ही मात्र भांडी घासताना रडत होती. हिचं बरं आहे, हिला रडता येतं. आणि मुंगी हिच्या गळ्यात पडते, हिला 'तू' म्हणते, हिच्या पदराला हात पुसते. माझ्याशी अहो-जाहो. खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहते, "आजोबा, जेवायला चला" म्हणते आणि धूम ठोकते. मी काय तिला खाणार आहे? सव्वीस दिवस उरले आणि नातीला माझी खोली आतून कशी दिसते ते माहीत नाही.

३ तारीख, मंगळवार

बांधाबांध सुरू झाली. मुलाच्या पुस्तकांच्या खोक्यात सूनबाईंना एक खेळण्यातली मोटर सापडली. पत्र्याचा हिरवा तळ, त्यावर तांबडा रंग दिलेला नालेच्या आकाराचा चुंबक, मध्ये तार गुंडाळलेलं, फिरणारं बोटभर आर्मेचर, त्याला करंट पोचवायला पितळेच्या दोन पट्ट्या ब्रश म्हणून. माझ्या लहानपणीच्या काळातला माल. हल्ली असलं कोणी करत नाही.

मुंगी खोलीत आली. आत, टेबलापर्यंत. "बाबांची मोटर," म्हणाली. बाबांनी तिला दाखवली होती म्हणे, आजारी पडायच्या आधीच्या सुट्टीत, पलंगावर बसून. इतकी जोरात फिरते की मधलं दिसतच नाही. मग मला विचारलं, "तुम्हाला चालवता येईल?"

मी हसलो. म्हटलं, चाळीस वर्षं आजोबांनी दुसरं काय केलं? तू जायच्या आत फिरवून दाखवतो, शब्द दिला.

मोटर मला आठवते. मुलगा अकरा वर्षांचा असेल. जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणली होती त्याने. एके दिवशी मोठ्या ऐटीत दुकानात घेऊन आला, गिऱ्हाइकांसमोर सेल जोडला आणि चालू करंटात आर्मेचरला बोट लावलं. मी एक ठेवून दिली कानाखाली. आणि वर पठ्ठ्या म्हणतो, मी हात नाही लावला! डोळ्यांदेखत! मी त्याला सांगितलं, हात लावून फिरते ती मोटरच नव्हे.

मी उगाच नाही मारलं. माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच आहे. तो तीन वर्षांचा होता तेव्हा एका अडलेल्या मोटरला मी हाताने रेटा दिला, ती फिरली आणि पट्ट्याने बोट नेलं. दुसऱ्या दिवशी दुकानात पाटी लावली: करंट चालू, हात लांब. ती पाटी आता माझ्या खोलीत आहे. मुलगा त्या थपडेनंतर दुकानात आला नाही. पुढे शिकला, कचेरीत लागला, माझ्याशी कामापुरतं बोलत राहिला. त्याच्या मनात काय होतं ते मला कधी कळलं नाही.

असो. सेल जोडला. नुसती टक झाली आणि गप्प. मुंगी म्हणाली, "आजोबा, बोट लावू?" आणि लावलंच असतं. मी हात धरून मागे ओढला. जरा जोरात ओढला असेन. पाटी वाचून दाखवली. तिने मान डोलावली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. शहाणी आहे.

५ तारीख, गुरुवार

मीटर लावला. ब्रशमधून कधी रीडिंग येतं, कधी येत नाही. आर्मेचर जरा हलवलं की येतं, सोडलं की जातं. सेल लावावा तर टक आणि गप्प. पॉलिश पेपरने ब्रश घासले, बेअरिंगला तेलाचा थेंब सोडला. करंट बंद ठेवून फिरवून पाहिलं तर लोण्यासारखं फिरतं.

म्हणजे रोग आर्मेचरवरच्या तारेत, कॉइलमध्ये. आतल्या आत कुठेतरी तार तुटलीय नाहीतर शॉर्ट झालीय. रजिस्टरात लिहिलं. दोष: वायंडिंग खराब. उपाय: संपूर्ण रिवायंडिंग. लिहिताना इतकं बरं वाटलं की काय सांगू, दुकानात बसल्यासारखं.

मुंगी उंबऱ्यावर दोनदा येऊन गेली. काहीतरी विचारायचं होतं बहुतेक. मी मान वर करेपर्यंत गेलेली.

८ तारीख, रविवार

आज कॉइल सोडवली. अरे काय ते वायंडिंग! एका बाजूला ८४ वेढे, दुसरीकडे ९१. तार तारेवर चढलेली, मध्ये दोरा, शेवटाला वॉर्निशऐवजी कसलासा डिंक फासलेला. हे ज्याने केलं त्याला मी दुकानाच्या पायरीवर उभा केला नसता. हिला बोलावून दाखवलं आणि पोटभर हसलो. ही हसली नाही. हातातलं काम टाकून बघत राहिली आणि आत गेली.

तार मात्र चांगली होती. रंगावरून तर आमच्या दुकानात असायची तशीच वाटली. ओढून ओढून काढली, मूठभर झाली, भंगाराच्या डब्यात टाकली.

१० तारीख, मंगळवार

भंगारवाला येऊन गेला. जुने पंखे, पत्रे, तारेचा डबा, सगळं दिलं. टेबल मोकळं झालं.

१२ तारीख, गुरुवार

हात कापतात. केसाएवढी तार, दोनदा तुटली. चष्म्यावर भिंग लावून बसलो तरी वेढा हुकतो. आणि मोजणं! पन्नासच्या पुढे गेलो की मन भलतीकडे. एके काळी गिऱ्हाइकाशी गप्पा मारत हजार वेढे मारायचो.

तिसऱ्यांदा चुकलो तेव्हा मागून आवाज आला, "त्रेपन्न झालेत." मुंगी केव्हा आत येऊन बसली होती, पत्ताच नाही. मग ती मोजत गेली आणि मी गुंडाळत गेलो. तिचा श्वास माझ्या कोपराला लागत होता. नव्वदला ती थांबा म्हणाली, मी थांबलो. दुसऱ्या बाजूलाही नव्वद. इतकं देखणं काम माझ्या हातून दहा वर्षांत झालं नव्हतं.

तिने विचारलं, आधीचं बाबांच्या वेळचं होतं ना, ते कुठे गेलं? म्हटलं, ते बिघडलं होतं, टाकून दिलं.  नंतर म्हणाली, "पण ते चालायचं."

पोरांना काय कळतंय. वॉर्निश लावून वाळत ठेवलं. आज दीड वर्षात पहिल्यांदा मला भूक लागली.

१४ तारीख, शनिवार

टक. गप्प.

सगळ्यांना बोलावलं होतं. सूनबाई ऑफिसातून लवकर आल्या होत्या, ही पदराला हात पुसत उभी. मुंगीने पंखा म्हणून लावायला कागदाचं फूल कापून आणलं होतं. सेल जोडला, टक. काढला, जोडला, टक. नवे सेल घातले, टक. 

मुंगी म्हणाली, "आजोबा, बाबा ना..." आणि मी ओरडलो तिच्यावर. मध्ये बोलू नकोस म्हणालो. तिचं तोंड एवढंसं झालं. सूनबाई तिला घेऊन गेल्या. टेबलावर कागदाचं फूल राहिलं.

हिने मला नाही नाही ते ऐकवलं. म्हणाली, बापाला गप्प केलंत, आता लेकीला करा.  माझी नजर मोटरवरून हलत नव्हती.

१६ तारीख, सोमवार

ब्रश नवीन कापून लावले. ब्रश ज्यावर टेकतात तो कॉम्युटेटर घासला. चुंबकाला खिळे लावून पाहिले, सात धरतो, म्हणजे ताकद आहे. सगळं बरोबर आहे. सगळं बरोबर आहे आणि मोटर फिरत नाही.

लाज गुंडाळून दुकानातल्या जुन्या भागीदाराला फोन केला. तो आधी मोठ्याने हसला, मग म्हणाला, अरे खेळणं ते, जरा टोचून बघ बोटाने. त्याला माहीत नाही का माझं बोट कसं गेलं? दवाखान्यात तोच घेऊन गेला होता. मी फोन ठेवला. म्हातारपणी माणसाची अक्कल जाते ती अशी.

बारा दिवस.

१९ तारीख, गुरुवार

आज हिने सांगितलं ते लिहितो. लिहवत नाही, पण लिहितो.

मी पुन्हा कॉइल सोडवायला बसलो होतो. ही आली आणि माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. म्हणाली, "किती वेळा सोडवाल? पहिली सोडवलीत ती त्याने गुंडाळली होती."

मी म्हटलं, कोणी?

"तुमच्या मुलाने. जुन्या दुकानातून आणली तेव्हा ती जळकी होती. तुमच्या दुकानातून उरलेली तार खिशातून आणायचा आणि जिन्याखाली बसायचा. चार दिवस लागले. मला म्हणाला होता, अण्णांना आधी सांगू नकोस, चालली की दुकानात नेऊन दाखवतो."

मी विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, सांगणार होते त्याच दिवशी, तर तो गाल लाल करून घरी आला आणि म्हणाला, नको सांगूस. त्या रविवारी तुम्ही तार ओढून हसत होतात तेव्हाही जीभ उचलली नाही. तोवर कॉइल निम्मी उकललेली होती.

चौऱ्याऐंशी आणि एक्याण्णव. अकरा वर्षांच्या पोराने मोजायचा प्रयत्न केला असणार, मग चुकला असणार, मग तसाच पुढे गेला असणार. डिंक वहीला कव्हर घालायचा होता. मी हसलो त्याला. पायरीवर उभा केला नसता म्हणून लिहून ठेवलंय वर, माझ्याच अक्षरात. खोडणार नाही. राहू दे.

२० तारीख, शुक्रवार

सकाळी भंगारवाल्याच्या वखारीत गेलो. मागच्या बाजूला तांब्याचा ढीग, गुडघाभर. साऱ्या जगाचे पंखे, पंप, मिक्सर सोलून टाकलेले. खाली बसलो आणि शोधायला लागलो. मूठभर तार, एका टोकाला वाळलेला डिंक. दोन तास शोधलं. बोटं कापली. तांबं सगळं सारखंच दिसतं हो.

भंगारवाला भला माणूस. चहा आणून दिला, म्हणाला, काका, तांबं हवंय तर घेऊन जा की हवं तेवढं. त्याला काय सांगणार? म्हणे मंगळवारचा माल तर बुधवारीच भट्टीला गेला.

घरी आलो. मुंगीने माझी बोटं पाहिली आणि न सांगता औषधाची बाटली आणून टेबलावर ठेवली. ठेवली आणि लगेच मागे सरली. मला वाटलं तिला म्हणावं, थांब. पण थांबवून दाखवणार काय?

२३ तारीख, सोमवार

सूनबाई खोलीत आल्या, खाटेच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, अण्णा, नाही चालली तरी चालेल, आठवण म्हणून तशीच नेऊ. चांगल्या मनाने म्हणाल्या. मला मात्र ऐकवेना.

त्यांना कसं सांगू? आठवण म्हणून जे होतं ते मी काढून फेकलं. आता तिथे माझं नव्वद-नव्वद आहे, सुबक आणि मेलेलं. मुलगा हयात असताना त्याच्यासाठी मी काही दुरुस्त केलं नाही. तो गेल्यावर एक मोटर उरली होती, तीही माझ्याच्याने फिरत नाही. शनिवारी पोरगी निघून जाईल. मोठी होईल, कोणी विचारलं तर सांगेल, आजोबा होते, हात ओढायचे आणि ओरडायचे. खोटं थोडंच सांगेल?

मला भीती वाटते. एवढ्या वयात, घरात बसून, कशाची ते सांगता येत नाही, पण वाटते.

२६ तारीख, गुरुवार

आंघोळ करत होतो. डोक्यावर तांब्या ओतला आणि आवाज आला. मोटरचा आवाज मला भिंतीपलीकडूनही कळतो. बारीक, एकसारखा, माशी गुणगुणल्यासारखा. टॉवेल गुंडाळून तसाच बाहेर आलो.

टेबलावर मोटर फिरत होती. आर्मेचर दिसत नव्हतं, नुसता तपकिरी धूर. कागदाचं फूल गरगरत होतं. मुंगी पाठमोरी वाकून बघत होती. माझी चाहूल लागली तशी दचकून वळली, दोन्ही हात झटकन पाठीमागे घेतले आणि म्हणाली, "मी हात नाही लावला, आजोबा."

तेच शब्द. हात मागे घ्यायची रीतही तीच. तेव्हा माझा हात वर गेला होता. आज मी ओल्या अंगाने तसाच जमिनीवर बसलो. ती घाबरून रडायला लागली, ही धावत आली, तिला वाटलं मला काही झालं.

 म्हटलं, बाळा, मी चिडलेलो नाही. परत दाखव.

तिने आधी आजीकडे पाहिलं. मग सेल काढला, मोटर थांबली. जोडला, टक. मग बोट वाकवून अगदी हलकेच आर्मेचरला टिचकी मारली. मोटर पळत सुटली.

"तिला सुरुवात करून द्यावी लागते," मुंगी म्हणाली. "मग ती एकटी पळते. बाबांनी शिकवलं. पण आजोबांसमोर नाही मारायची म्हणाले."

"मी चिडतो म्हणून?"

"नाही. म्हणाले, आजोबा चिडत नाहीत, त्यांना भीती वाटते. त्यांचं बोट गेलंय ना."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. मी मारलं ते का मारलं, हे मला सांगता आलं नाही आणि त्याला कळलं होतं. कधी कळलं असेल? मला येऊन एकदा म्हणाला असता तर. पण मी तरी कुठे एकदा म्हणालो.

२६ तारीख, संध्याकाळ

डोकं जागेवर आल्यावर कागदावर काढून पाहिलं. आर्मेचरला दोनच पोल, म्हणजे चुंबकी टोकं. थांबताना चुंबक त्याला ओढून नेमका अडलेल्या जागी उभा करतो, ब्रश बरोबर कॉम्युटेटरच्या फटीवर. तिथून ती आपोआप सुटणार कशी? मीटर तेच सांगत होता, पहिल्या दिवसापासून. भागीदाराने सांगितलं, पोरीने तीनदा सांगायचा प्रयत्न केला. मी हात लांब ठेवून बसलो.

रजिस्टरातली ५ तारखेची नोंद दुरुस्त केली. दोष: नव्हता. उपाय या रकान्यात काय लिहायचं ते सुचलं नाही, कोरा ठेवला. चालती मोटर होती. माझ्या मुलाने गुंडाळलेली, चालती.

मुंगीला सगळं सांगितलं. जुनी तार बाबांनी गुंडाळली होती, मी ओळखली नाही, टाकली, शोधायला गेलो, नाही मिळाली. ती ऐकत होती.  मग विचारलं, "बाबांना माहीत होतं का तुम्ही टाकाल?" मी म्हटलं, नाही गं. नाही म्हटलं खरं, पण कुणास ठाऊक. सांगितलं नव्हतं त्याने मला, एवढं खरं.

२८ तारीख, शनिवार

गेल्या.

मोटर मी खोक्यात कापूस घालून बांधून ठेवली होती. रिक्षा दारात आली, सामान चढलं, मी खोकं मुंगीच्या हातात दिलं. तिने ते उघडलं, मोटर बाहेर काढली, कट्ट्यावर ठेवली आणि मला म्हणाली, टिचकी मारून दाखवा.

मी सेल जोडला. हात पुढे केला आणि तो पुढे जाईना.  चाळीस वर्षांचा माझा धंदा, आणि बोटभर खेळण्यापुढे हात अडतोय. शेवटी लावलं. अर्ध्या बोटाने टिचकी बसत नाही, नुसती ढुशी बसली. मोटर मागेपुढे हलली आणि थांबली. पुन्हा केलं. पुन्हा थांबली. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

मुंगीने माझ्या हाताचं मधलं बोट धरून वाकवलं, अंगठ्याखाली अडकवलं. "हे वापर. आणि या बाजूने, उलटी मारलीस तर ती परत येते." मग मोटर उचलून माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुझ्याकडेच राहू दे. तुला अजून जमत नाही. रोज सराव कर, मी सुट्टीत आले की बघेन."

सूनबाई म्हणाल्या, अगं, बाबांची ना ती? तर म्हणाली, "मला येते."

रिक्षा वळली तेव्हा तिने मागच्या बाजूने हात बाहेर काढून हलवला. मी ओरडणार होतो, हात आत घे म्हणून. नाही ओरडलो.

४ तारीख, शनिवार

घरात कुठेही गेलं तरी आपल्याच चपलांचा आवाज येतो. ही दुपारी मुंगीच्या जुन्या फ्रॉकची घडी घालते, उलगडते, पुन्हा घालते. 

तार आठवते. रात्रंदिवस आठवते. ती काही आता परत येत नाही.

पाटी भिंतीवरून काढली. मागे भिंतीचा रंग स्वच्छ राहिलाय, चौकोनी.

आज सकाळी अकरा टिचक्या मारल्या. दोनदा फिरली.